सात नंबरची काच

विद्यापीठाच्या भूगर्भशास्त्र विभागात प्राध्यापक सहा होते आणि सहा जणांची सहा मतं होती. कोकणातला दगड कधी थिजला यावरून दोघांचं नऊ वर्षं बोलणं बंद होतं. पण एका बाबतीत सगळ्यांचं जमायचं. कवडूसारखी स्लाइड नागपुरात कुणाला करता येत नाही.

कवडू पराते हा विभागातला दगड घासणारा. कागदोपत्री तो प्रयोगशाळेचा परिचर होता, पण झाडू मारायला किंवा चहा आणायला त्याला कुणी सांगत नसे. त्याला मागच्या बाजूची एक खोली होती. तिथे दगड कापायचं चक्र, विस्तवासारखा तापणारा तवा आणि जाड काचेची पाटी होती. संशोधन करणाऱ्या पोरांनी दगड आणून द्यायचा. कवडूनं त्याची चकती कापायची, ती डिंकासारख्या चिकट बाल्समनं काचपट्टीवर चिकटवायची आणि पाण्यात कालवलेल्या कार्बोरंडमच्या भुकटीवर घासत बसायचं. दगड झिजत झिजत इतका पातळ व्हायला हवा, की त्यातून उजेड आरपार जाईल. मग सूक्ष्मदर्शकाखाली त्यातले कण रंगीत दिसतात आणि दगड आपली हकिगत सांगतो. शेवटचे चार घासे अवघड. दोन कमी पडले तर काही दिसत नाही, आणि दोन जास्त पडले तर काचेवर काही उरतच नाही. सगळा दगड भुकटीत मिसळून जातो.

ते चार घासे कवडू डोळे मिटून घालायचा. इतरांना वाटायचं, नाटक करतो. पण तो गोळीबार चौकाजवळच्या कोष्ट्यांच्या वस्तीतला, विणकराचा पोर. नऊवारीच्या काठाचं सूत चिमटीत धरून जाडीचा नंबर सांगायची सवय त्याच्या बोटांना बारा वर्षांचा असल्यापासून होती. माग चालेनासा झाला म्हणून तो अठ्ठावन्न साली इथे नोकरीला लागला, पण बोटं तीच राहिली. लागल्यापासून त्याच्या हातून एकही स्लाइड वाया गेली नव्हती. हे तो स्वतः कधी बोलायचा नाही. दुसरं कुणी बोललं की मात्र मान खाली घालून सगळं ऐकून घ्यायचा, एक शब्द सोडायचा नाही.

एकाहत्तरच्या दिवाळीनंतर पुष्पलता गजभिये त्याच्या खोलीत आली. पारशिवनीकडच्या एका खेड्यातली मुलगी. गावातून पहिली बी.एस्सी., विभागात संशोधन करणारी पहिली बाई. तिचे वडील ताराचंद कानानं अधू होते. छप्पन्न साली दीक्षाभूमीवर दीक्षा घेऊन ते पायी घरी गेले आणि घरी पोचल्या पोचल्या त्यांनी पोरीला शाळेत घातलं, असं ती एकदा सांगत होती. आपल्याच भागातल्या दगडांवर तिचा प्रबंध होता. कवडूवर तिचा जीव होता, कारण विभागात नागपुरी बोलायला तिला तोच एक माणूस होता.

"कवडूकाका, हा सातवा," तिनं रुमालाची गाठ सोडली. आत सुपारीएवढा काळा खडा होता. "बाबानं विहीर खोदली नवी. चाळीस फुटावर लागला. आता तं विहिरीत पाणी भरलं, तिथून काही निघत नाही."

"ठेवा तिथं, पुष्पाताई. उद्या घेऊन जाजा."

तो दिवस वाईट होता. त्या दिवशी सकाळीच कवडूच्या घरचा माग गेला होता. वडील वारल्यापासून तो नुसताच उभा होता. जागा अडते म्हणून त्याची बायको जयवंता हिनं शेवटी एका सुताराला बोलावलं. सुतारानं तो उकलून बंडीवर घातला आणि जाताना म्हणाला की सागवान आहे, खाटेचे पाय चांगले होतील. कवडू तसाच कामावर आला होता.

पुष्पलतेचा खडा तडकलेला होता. चक्रावर धरला तर त्याची एकच चकती निघाली, बाकीचा चुरा झाला. कवडूनं चकती चिकटवली, घासायला बसला आणि डोळे मिटले. बोटांखाली त्याला मागाची पट्टी लागत होती, वडिलांच्या तळव्यानं गुळगुळीत झालेली. ती कुणाच्या तरी खाटेखाली जाणार होती. किती घासे पडले ते त्याला कळलंच नाही. डोळे उघडले तेव्हा काच स्वच्छ होती. खिडकीकडे धरली तर पलीकडचं कडुलिंबाचं झाड दिसलं.

तेरा वर्षांत हे पहिल्यांदा झालं. कवडू बराच वेळ ती कोरी काच हातात धरून बसला. पोरीला सांगायचं काय? विहिरीत पाणी भरलं. आता हा दगड पुन्हा आणायचा कुठून? आणि सांगितलं की उद्या सगळ्या विभागात होणार, कवडूची बोटं गेली.

खरं तर तो वाईट माणूस नव्हता. वाईट माणसानं असला घोळ आणखी सराईतपणे घातला असता. यानं फक्त टेबलाखाली पाहिलं. तिथे एक लाकडी खोका पडला होता. विभागाचा एक जुना विद्यार्थी फौजेत होता, त्यानं हिमालयातून कुठून तरी दगड पाठवले होते. चिठ्ठ्या वाळवीनं खाल्ल्या, म्हणून तो खोका निकामी. त्यात एक काळा दगड होता. कवडूनं तो पुष्पलतेच्या चुऱ्याशेजारी धरला. डोळ्यांना दोन्ही सारखेच. त्यानं मनाची समजूत घातली की काळा दगड म्हणजे काळा दगड, पोरीच्या तीस काचा व्हायच्या आहेत, त्यात या एका काचेनं काय होतं. संध्याकाळपर्यंत नवी काच तयार झाली. जाडी तपासायला त्यानं ती सूक्ष्मदर्शकाखाली धरली तेव्हा आत निळे कण दिसले, जांभळ्यावर झुकणारे. सुंदर दिसतं, एवढंच त्याच्या मनात आलं. मग त्यानं हिऱ्याच्या लेखणीनं काचेवर कोरलं : पा-७.

तीन दिवसांनी विभागात आरडाओरडा झाला. विभागप्रमुख डॉ. कृष्णकांत वझलवार हे आवाज चढवणाऱ्यांपैकी नव्हते, पण त्या दिवशी व्हरांड्यात उभं राहून ते एकेकाला हाक मारत होते. पारशिवनीच्या सातव्या दगडात निळं खनिज सापडलं होतं. तसलं खनिज जमीन भयंकर खोल दाबली गेली तरच तयार होतं. या मुलखात ते असेल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. सहाही प्राध्यापक एका सूक्ष्मदर्शकाभोवती जमले. नऊ वर्षं न बोललेले दोघे एकमेकांना म्हणाले, "बघा, बघा." पुष्पलता भिंतीला टेकून उभी होती, हसत होती आणि रडत होती.

सांगायचं तर तेव्हाच सांगायला हवं होतं. कवडू दारापर्यंत गेलाही. पण वझलवार सरांनी त्यालाच पुढे ओढलं. "हे याचे हात! दुसऱ्या कुणी घासला असता तर कण असे उमटलेच नसते." सगळ्यांनी कवडूकडे पाहिलं. कवडूनं मान खाली घातली आणि ऐकून घेतलं.

विभागाचं 'भूवार्ता' नावाचं चार पानी वार्षिक निघायचं. कोण कुठल्या परिषदेला गेलं, कुणाचा निबंध छापून आला, कुणाला शिष्यवृत्ती मिळाली, असल्या बातम्या. सर हट्टानं ते मराठीत काढायचे. बहात्तरच्या अंकात पहिल्या पानावर चौकट होती : 'विभागाच्या कु. पुष्पलता गजभिये यांचा महत्त्वाचा शोध'. सायक्लोस्टाइलच्या यंत्राची दांडी फिरवायचं काम कवडूचंच. दोनशे प्रती त्यानं स्वतः फिरवून काढल्या. प्रत्येक फेऱ्याला तेच पान बाहेर पडायचं आणि प्रत्येक फेऱ्याला तो ठरवायचा की हे संपलं की सांगतो. दोनशे प्रती संपल्या. शाईचे हात धुऊन तो घरी गेला. दुसऱ्या दिवशी पुष्पलता पेढे घेऊन आली आणि पहिला पेढा तिनं त्याच्या हातावर ठेवला.

दीड वर्ष सगळं सुरळीत होतं. निबंध परदेशी छापून आला. मग बाहेरच्या एका शास्त्रज्ञाचं पत्र आलं. सुट्या दगडावर त्याचा भरवसा नव्हता. तो म्हणाला, जागा दाखवा. त्र्याहत्तरच्या मे महिन्यात ताराचंदच्या विहिरीवर पंप बसवला, पाणी उपसलं आणि पाहुण्यांसह चौघेजण दोराच्या शिडीनं खाली उतरले. खाली साधा काळा दगड होता. जिथं हात घालावा तिथं तोच. निळ्याचा मागमूस नाही. वर ताराचंद गावकऱ्यांसोबत उभे होते, सगळ्यांना ताक देत होते. काय चाललंय ते त्यांना ऐकू येत नव्हतं, त्यांना वाटलं पोरीचा सत्कार आहे.

मग समिती बसली. पोरीनं दगड बदलला, असं कुणी उघड म्हणालं नाही. पण न बोलता बोलायची कला विभागात सगळ्यांना येत होती. चहाच्या टेबलावर कुणी म्हणालं, नाव मिळवायची घाई असते काही लोकांना. काही लोक म्हणजे कोण, ते सगळ्यांना कळलं.

समितीपुढून पुष्पलता थेट मागच्या खोलीत आली. कवडू घासत होता.

"कवडूकाका, एक विचारू? रागावू नका. सातची काच कुठं बदलली तं नसंल न?"

कवडूचा हात थांबला. जन्मभर त्याला तो क्षण आठवणार होता. खिडकीतून ऊन येत होतं, पाटीवरचं पाणी वाळत होतं, आणि पोरगी त्याच्याकडे नुसती पाहत होती. एक शब्द बोलायचा होता.

"नाही, पुष्पाताई. तुमचीच हाये ते."

"मग झालं." तिनं श्वास सोडला. "मी बी तेच सांगितलं तिथं. म्हटलं, बाकी कोनाचंही चुकंल, माहं चुकंल, कवडूकाकाच्या हातून चूक होत नाही." मग तिनं पिशवीतून कापडात बांधलेलं काहीतरी काढलं. "म्हनून हे आनलं. हे घासून द्या. आता दूध का दूध होऊन जाईन."

कापडात काळा दगड होता, मुठीएवढा.

"हा कोनता?" कवडूनं विचारलं.

"सातवाच. त्याचाच उरलेला. बाबानं ठेवला होता घरी, विहिरीची आठवन म्हनून. तुम्ही अजून मागाल म्हनून मी वाट पाहत होती तवा, पन तुम्ही काही मागितलाच नाही."

उरलेला दगड घरी होता. त्या दिवशी कोरी काच हातात धरून बसण्याऐवजी तो नुसता व्हरांड्यात गेला असता आणि म्हणाला असता की पुष्पाताई, खराब झाली, अजून आहे का, तर ती पुढच्या एस.टी.नं मुठीएवढा दगड घेऊन आली असती. हसलीही असती. एवढंच होतं ते.

"काका, बरं वाटत नाही का?"

"ठेवा," कवडू म्हणाला. "उद्या देतो."

घरी जयवंतानं दोनदा विचारलं, काहून जेवत नाही गा? त्यानं ताट बाजूला सारलं. आता बोलायचं म्हणजे निबंध खोटा, भूवार्ता खोटी, वझलवार सरांची मान खाली आणि आपली नोकरी संपली. नाही बोलायचं तर काय करायचं, हेही त्याला कळलं होतं. खोक्यात त्या निळ्या दगडाचा एक तुकडा अजून उरला होता. पुन्हा बदलायचा. पोरगी वाचेल. सकाळी त्यानं खोका ओढला, तुकडा हातात घेतला आणि परत ठेवला. एकदा केलं ते घाबरून केलं, आता करायचं ते ठरवून करायचं, आणि त्याची छाती झाली नाही. दोन वाटा होत्या, एक खरं बोलायची आणि एक पुरतं खोटं करायची. कवडूनं दोन्ही सोडल्या आणि तो घासायला बसला.

ती काच त्याच्या आयुष्यातली सगळ्यात चांगली काच झाली. डोळे उघडे ठेवून, एकेक घासा मोजून त्यानं ती केली. ना ओरखडा, ना बुडबुडा. सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक कण नितळ दिसत होता, आणि त्यांत एकही निळा नव्हता. समितीनं ती पाच मिनिटं पाहिली. पुष्पलतेनं स्वतः आणलेला दगड, स्वतः विश्वास टाकून दिलेला. आणखी कसला पुरावा हवा होता?

तिनं प्रबंध मागे घ्यावा असं ठरलं. शिष्यवृत्ती बंद झाली. जाताना ती मागच्या खोलीत आली नाही. कवडू खिडकीतून पाहत होता. कडुलिंबाखालून ती पिशवी घेऊन चालली होती, आणि चालता चालता एकदा थांबून तिनं आपल्या दोन्ही हातांकडे पाहिलं. चूक आपल्याच हातून झाली असेल, असं तिला वाटत असावं. भूवार्तेच्या पुढच्या अंकात तिच्याबद्दल एक ओळही नव्हती. चांगल्या बातम्यांचंच ते पत्रक होतं.

अकरा वर्षं गेली. या अकरा वर्षांत कवडूनं किती काचा केल्या याचा हिशेब नाही, पण डोळे मिटून एकही केली नाही. जयवंता गेली. मरायच्या आधी तिला तरी सांगावं असं त्याला रोज वाटायचं, आणि रोज तो तिला औषध देऊन कामावर यायचा. चौऱ्याऐंशीच्या जूनमध्ये तो निवृत्त झाला. विभागानं हार घातला, शाल दिली. निवृत्त झालेले वझलवार सर मुद्दाम आले. सरांच्या हस्ते भूवार्तेचा ताजा अंक त्याला दिला, आणि पहिल्या पानावरची चौकट सरांनी मोठ्यानं वाचून दाखवली : 'श्री. कवडू पराते यांनी सव्वीस वर्षांच्या सेवेत एकही स्लाइड खराब केली नाही.'

टाळ्या झाल्या. कवडू बोलायला उभा राहिला. तोंड उघडलं, आणि रडायलाच लागला. लोकांना गहिवरून आलं. कुणी पाणी आणलं. सरांनी पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "असू दे, असू दे, कळलं आम्हाला." कुणाला काही कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पारशिवनीच्या एस.टी.त बसला. पुढे खेड्यापर्यंत पायी गेला. पुष्पलता गावातल्याच शाळेत शिकवते, असं एका पोरानं सांगितलं. रविवार होता, ती घरीच होती. केस कानापाशी पिकले होते. तिनं ओळखलं, पाणी दिलं, "बसा, काका" म्हणाली. कवडू बसला नाही. उभ्यानंच त्यानं सगळं सांगितलं. माग, कोरी काच, खोका, निळे कण, सगळं. मधे तिनं एकदाही थांबवलं नाही.

"समितीसाठी दुसरी काच करत होते, तवा तुमच्या मनात काय होतं?" तिनं शेवटी विचारलं.

कवडू खोटं बोलू शकला असता. "काच चांगली झाली पाहिजे," तो म्हणाला. "एवढंच होतं, बाई."

"चांगली झाली होती. मी पाहिली होती न." तिनं पाण्याचा पेला उचलून बाजूला ठेवला. "अकरा वर्षं मी मलेच विचारत होती, की कोनत्या रुमालात कोनता दगड बांधला होता. कधी कधी तं वाटे, मीच बदलला असन आन मलेच आठवत नसन."

"पुष्पाताई, मी पाया पडतो तुमच्या."

"नका पडू. मले काय सांगता, काका. बाबाले सांगाले पाहिजे होतं." तिनं मागच्या दाराकडे पाहिलं. "मागच्या साली गेले. शेवटी शेवटी जवळ बसवून विचारलं मले, पोरी, खरं सांग, दगड बदलला का तुनं? मी कानात ओरडून सांगितलं, नाही बदलला बाबा. त्याइनं मान हलवली. पन त्याइले ऐकू आलं का नाही, मले माहीत नाही. ऐकू आलं असंल तं पटलं का नाही, तेबी माहीत नाही."

कवडूच्या हातात भूवार्तेचा अंक होता, घामानं ओला झालेला. पुष्पलतेनं तो घेतला, चौकट वाचली आणि त्याच्यासमोर धरला. आतून पेन आणून दिलं.

"लिहा."

कवडू भिंतीला अंक टेकवून लिहायला लागला. चौकटीखाली त्यानं लिहिलं : 'हे खरं नाही. पारशिवनीची सात नंबरची काच मी खराब केली आणि दगड मी बदलला. पुष्पलता ताराचंद गजभिये यांचा काही दोष नाही. कवडू पराते.'

ती अंक घेऊन मागच्या दारानं बाहेर पडली. कवडू मागोमाग गेला. मागे विहीर होती. विहिरीच्या कठड्यावर सिमेंटमध्ये एक काळा दगड बसवलेला होता, एका बाजूनं सपाट कापलेला. आपल्या चक्राची धार कवडूनं ओळखली. दुसरी काच करून उरलेला तुकडा त्यानंच तिला परत केला होता.

"बाबा इथंच बसत," ती म्हणाली. "आता ते ऐकत नाहीत, हे मले समजते. शिकलेली हाये मी."

मग कठड्याशी उभं राहून तिनं ते तीन ओळींचं लिहिलेलं वाचलं. कानानं अधू असलेल्या माणसाशी बोलावं तसं, मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून. शेजारच्या दोन बाया दारात येऊन उभ्या राहिल्या. वाचून झाल्यावर तिनं पुन्हा पहिल्यापासून वाचलं. कवडू कठड्यापासून चार पावलं दूर, मान खाली घालून उभा होता आणि ऐकून घेत होता. परतीच्या एस.टी.ची वेळ होत आली होती. तिनं त्याला जा म्हटलं नाही, आणि थांबा असंही म्हटलं नाही.